म्युच्युअल फंडातले जुने पैसे काढायचे आहेत? आधी चार कागद एकमेकांशी जुळवा

आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनची तारीख ठरली तेव्हा पैशांची काळजी नव्हती. २००६ साली बाबांनी सांगलीतल्या एका ओळखीच्या एजंटामार्फत तिच्या नावावर दोन म्युच्युअल फंड घेऊन ठेवले होते. पिशवीत कागद होते, फोलिओ नंबर (फंडातल्या खात्याचा क्रमांक) होता. मी पुण्याहून गेलो, अर्ज भरला, आईची सही घेतली आणि फंडाच्या कार्यालयात देऊन आलो. चौथ्या दिवशी अर्ज परत आला. कारण एका ओळीचं: सही जुळत नाही. ते निस्तरेपर्यंत कळलं की बँक खातं बंद आहे. बँकेचं काम झालं तर केवायसी, म्हणजे ओळखीची पडताळणी, ‘होल्ड’वर. हातात पैसे पडायला आठ आठवडे लागले. तोवर ऑपरेशन उसनवारीवर उरकलं होतं.

त्या आठ आठवड्यांतले निम्म्याहून जास्त दिवस चुकीच्या क्रमाने कामं केल्यामुळे गेले. कागद सगळे घरातच होते, आधी कोणता पुढे करायचा तेवढंच माहीत नव्हतं. तुमची तशी धावपळ होऊ नये म्हणून तो क्रम इथे सविस्तर लिहितो.

मुळात अडतं काय ते आधी समजून घ्या. फंड कंपनी आपल्याला चेहऱ्याने ओळखत नाही. तिच्या लेखी आपली ओळख चार ठिकाणी नोंदलेली असते: फोलिओत, केवायसीच्या नोंदीत, पॅन-आधारवर आणि बँकेत. या चारही ठिकाणी नाव, जन्मतारीख, मोबाइल आणि सही एकमेकांशी जुळली की पैसे दोन-तीन दिवसांत येतात. एखादं ठिकाण जुळलं नाही की अर्ज परत. समोर बसलेला कर्मचारी कितीही सज्जन असला तरी त्याच्या हातात काही नसतं. म्हणून पैसे काढायचा अर्ज हे सगळ्यात शेवटचं काम समजा.

आधी शोधा: पैसे नेमके कुठे आहेत

जुन्या कागदावर जे नाव छापलंय त्या नावाची कंपनी आज असेलच असं नाही. झुरिच इंडियाचे फंड २००३ मध्ये एचडीएफसीकडे गेले. फिडेलिटीचे २०१२ मध्ये एल अँड टीकडे आणि तिथून २०२२ मध्ये एचएसबीसीकडे. मॉर्गन स्टॅन्लीचे २०१४ मध्ये एचडीएफसीकडे. रिलायन्स म्युच्युअल फंड २०१९ मध्ये निप्पॉन इंडिया झाला, आयडीएफसी २०२३ मध्ये बंधन झाला. कंपनीचं नाव बदललं म्हणून पैसे बुडत नाहीत, युनिट (फंडातले आपले हिस्से) नव्या कंपनीच्या वहीत चालू राहतात. तेव्हा ‘ती कंपनी बंद पडली’ असं कुणी सांगितलं म्हणून कागद फाडून टाकू नका.

फंड कंपन्यांचं हिशेब ठेवायचं काम मुख्यतः दोन संस्था करतात, कॅम्स आणि केफिनटेक. एचडीएफसी, एसबीआय, आयसीआयसीआय प्रुडेन्शियल, कोटक यांची नोंद कॅम्सकडे असते. निप्पॉन, यूटीआय, अ‍ॅक्सिस यांची केफिनटेककडे. या दोघांनी मिळून २०२१ मध्ये ‘एमएफ सेंट्रल’ नावाचं एकच पोर्टल सुरू केलं. पॅन आणि नोंदलेला मोबाइल टाकला की सगळ्या कंपन्यांतले फोलिओ एका पानावर दिसतात. त्याला एकत्रित खाते विवरण म्हणतात, बोलताना सगळे ‘कॅस’ म्हणतात. ते काढा आणि छापून ठेवा. पुढच्या प्रत्येक पायरीला ते लागेल.

कॅसमध्ये जुना फोलिओ दिसलाच नाही तर घाबरू नका. म्युच्युअल फंडासाठी पॅन सक्तीचं झालं ते २ जुलै २००७ पासून. त्याआधीच्या बऱ्याच फोलिओंना पॅन जोडलेलंच नसतं, त्यामुळे पॅनवरून शोधलं तर ते सापडत नाहीत. आईचे दोन्ही असेच होते. यासाठी सेबीच्या (म्युच्युअल फंडांवर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेच्या) सांगण्यावरून २०२५ मध्ये ‘मित्रा’ नावाची सोय सुरू झाली. दहा वर्षं ज्यात गुंतवणूकदाराने काही हालचाल केली नाही आणि तरी युनिट शिल्लक आहेत, असे फोलिओ तिथे नाव, पत्ता, जन्मतारीख अशा माहितीवरून शोधता येतात. एमएफ सेंट्रलवरूनच तिकडे जाता येतं. हातात जुनं स्टेटमेंट असेल तर कॅम्स किंवा केफिनटेकच्या जवळच्या सेवा केंद्रात फोलिओ नंबर घेऊन जाणं त्याहून सोपं. बहुतेक जिल्ह्यांच्या ठिकाणी ही केंद्रं आहेत.

फोलिओ सापडला की त्यातल्या पाच गोष्टी कागदावर उतरवा: नाव कसं लिहिलंय (अक्षरन् अक्षर), पॅन आहे का, मोबाइल आणि ईमेल कोणता, बँक खातं कोणतं, आणि धारण पद्धत. या शेवटच्या गोष्टीकडे कुणाचं लक्ष जात नाही. ‘एकल’ असेल तर एकाची सही. ‘दोघांपैकी कोणीही’ असेल तरी एकाची चालते. पण नुसतं ‘संयुक्त’ असेल तर प्रत्येक धारकाची सही लागते आणि प्रत्येकाचं केवायसी नीट लागतं. भाऊ बंगळुरूत, वहिनी नागपुरात आणि फोलिओ संयुक्त, असं असेल तर ते आजच कळलेलं बरं.

केवायसी कोणत्या अवस्थेत आहे ते बघा

केवायसी फंड कंपनीकडे राहत नाही. ते ठेवणाऱ्या वेगळ्या संस्था आहेत, त्यांना केआरए म्हणतात. सीव्हीएल, एनडीएमएल, एनएसई (पूर्वीची डॉटेक्स), कॅम्स आणि केफिन या त्यातल्या पाच. यांपैकी कोणाच्याही संकेतस्थळावर ‘केवायसी स्टेटस’ किंवा ‘केवायसी इन्क्वायरी’त पॅन टाका. फुकट आहे, मिनिटभराचं काम आहे. चारपैकी एक शब्द दिसेल.

‘व्हॅलिडेटेड’ दिसलं तर सगळं उत्तम. पॅन, आधार, मोबाइल, ईमेल मूळ नोंदींशी ताडून झाले आहेत.

‘रजिस्टर्ड’ दिसलं तर ज्या कंपनीत पैसे आहेत तिथे व्यवहार करता येतात, पैसेही काढता येतात. नव्या कंपनीत गुंतवताना मात्र पुन्हा कागद मागतील. फक्त पैसेच काढायचे असतील तर इथे अडून राहू नका, पुढे चला.

‘ऑन होल्ड’ किंवा ‘रिजेक्टेड’ दिसलं तर मात्र थांबा. खरेदीही अडते आणि पैसे काढणंही अडतं. १ एप्रिल २०२४ पासून नियम कडक झाल्यावर अनेकांना हा शब्द पहिल्यांदा दिसला. बाजूला कारणही दिलेलं असतं. बहुतेक वेळा मोबाइल किंवा ईमेल पडताळलेला नसतो, नाहीतर कागद मान्य यादीतला नसतो. पूर्वी लाइटबिल किंवा बँक स्टेटमेंट जोडून केवायसी झालेलं असायचं. आता त्यासाठी आधार, पासपोर्ट, वाहन परवाना, मतदार ओळखपत्र, नरेगाचं जॉब कार्ड अशी ठराविक ओळखपत्रंच धरतात.

आणि ‘नोंद सापडली नाही’ असं आलं तर केवायसी झालेलंच नाही. जुन्या लहान फोलिओंत हे अगदी नेहमीचं आहे, कारण सगळ्याच रकमांना केवायसी लागू झालं ते २०११ पासून.

आधार आणि पॅन: नाव कसं लिहिलंय

केवायसीचा अर्ज भरायच्या आधी दोन गोष्टी बघा. आधारला आता हातात असलेला मोबाइल जोडलेला आहे का? आणि पॅन आधारशी जोडलंय का?

आधारचा मोबाइल बदलायचा असेल तर आधार केंद्रावर स्वतः जा. कागद काही लागत नाही, बोटांचे ठसे किंवा डोळे जुळले की पुरतं. वयस्कर माणसांच्या बोटांच्या रेषा कामाने, वयाने झिजलेल्या असतात आणि ठसा पटकन उमटत नाही. अशा वेळी डोळ्यांची पडताळणी करायला सांगा. आईच्या बाबतीत चार वेळा बोटं नाकारली गेली, डोळे एका फटक्यात घेतले.

पॅन आधारशी जोडलेलं नसेल तर ते १ जुलै २०२३ पासून निष्क्रिय धरलं जातं. एक हजार रुपये शुल्क भरून आयकर विभागाच्या पोर्टलवर ते जोडता येतं. ८० वर्षं किंवा त्याहून जास्त वयाच्यांना आणि अनिवासी भारतीयांना या सक्तीतून सूट आहे. त्यांच्याकडे कुणी शुल्क मागितलं तर आधी सूट लागू आहे का ते तपासा.

आता नाव. आपल्या मराठी घरांत सगळ्यात जास्त अर्ज इथेच अडतात. आपण नाव तीन भागांत लिहितो: स्वतःचं, वडिलांचं किंवा नवऱ्याचं, मग आडनाव. पॅनवर पूर्ण तीन भाग असतात, आधारवर कधी दोनच, बँकेत मधल्या नावाचं नुसतं आद्याक्षर, आणि २००६ च्या फोलिओत एजंटाने घाईत आडनाव आधी लिहिलेलं. इंग्रजी स्पेलिंगची गंमत वेगळीच: ‘देशमुख’मध्ये एक अक्षर इकडेतिकडे, ‘विद्या’ एके ठिकाणी एका स्पेलिंगने आणि दुसरीकडे दुसऱ्या. लग्नानंतर नाव बदललेल्या बायकांच्या बाबतीत तर पॅन माहेरचं, आधार सासरचं आणि बँक खातं नोकरीच्या ठिकाणी उघडलेलं म्हणून तिसऱ्याच नावाचं, असंही मी पाहिलंय.

यावर उपाय एकच. पॅनवरचं नाव पक्कं धरा आणि बाकी सगळं त्याच्याशी जुळवा. पॅनवरच चूक असेल किंवा माहेरचं नाव असेल, तर पहिल्यांदा पॅन दुरुस्त करा. आधारवर नाव बदलायला विवाह नोंदणी प्रमाणपत्र चालतं. पण आधारवर नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं, तेव्हा स्पेलिंग चार वेळा वाचून मगच अर्ज द्या. विवाह नोंदणी झालेली नसेल किंवा नाव पूर्णच बदलायचं असेल तर महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात नावबदलाची जाहिरात द्यावी लागते. राजपत्राचं ते पान पुढे बँक, पॅन, फोलिओ सगळीकडे चालतं, म्हणून त्याच्या चांगल्या प्रती करून ठेवा.

आधारची झेरॉक्स द्यायची वेळ आली तर पहिले आठ अंक झाकलेली प्रत द्या. ती यूआयडीएआयच्या (आधार देणाऱ्या संस्थेच्या) संकेतस्थळावरून उतरवता येते.

केवायसी दुरुस्त करणं

आधारला मोबाइल जोडलेला असेल तर हे काम घरी बसून होतं. फंड कंपनीच्या किंवा केआरएच्या संकेतस्थळावर ‘केवायसी मॉडिफाय’ असा पर्याय असतो. त्यात पॅन टाका, डिजीलॉकरमधून (कागदपत्रं ठेवायच्या सरकारी ॲपमधून) आधार आणा, आलेला ओटीपी टाका, फोटो काढा आणि कोऱ्या पांढऱ्या कागदावरच्या सहीचा फोटो चढवा. डिजीलॉकरमधून आणलेलं आधार थेट यूआयडीएआयकडून येतं, म्हणून बहुतेक वेळा अवस्था ‘व्हॅलिडेटेड’ होते. झेरॉक्स चढवली तर ‘रजिस्टर्ड’वर थांबायची शक्यता जास्त. सोय असेल तर डिजीलॉकरच घ्या.

ज्यांना मोबाइलवर हे जमत नाही त्यांच्यासाठी कागदी अर्ज आहेच, आणि तो अजिबात कमी दर्जाचा नाही. केवायसी बदलाचा अर्ज, पॅन आणि एका ओळखपत्राची झेरॉक्स (प्रत्येकीवर स्वतःची सही), एक फोटो आणि मूळ कागद घेऊन सेवा केंद्रात जा. तिथला माणूस मूळ कागद बघून प्रत्यक्ष पडताळणीचा शिक्का मारतो. पोचपावती घेतल्याशिवाय उठू नका. तीन-चार कामाच्या दिवसांनी केआरएवर पुन्हा अवस्था बघा.

एक सूचना मनापासून करतो. अर्जावर मोबाइल आणि ईमेल ज्याचे पैसे त्याचेच लिहा. आईच्या फोलिओला मुलाचा नंबर लावायची आपल्याकडे पद्धतच पडली आहे. एकाच नंबरावर तीन-चार माणसांची केवायसी असली की पडताळणीत गोंधळ होतो. त्याहून महत्त्वाचं, ज्याचे पैसे त्याला निरोपच येत नाही. आईला साधा फोन का असेना, तिचा नंबर तिच्या नावावर असू द्या.

बँक खातं

पैसे फक्त फोलिओत नोंदलेल्या खात्यातच येतात. पहिल्या धारकाच्या खात्यातच. मुलाच्या खात्यात, एजंटाच्या खात्यात किंवा रोखीने ते मिळत नाहीत.

जुन्या फोलिओतलं खातं बहुतेक वेळा बदललेलं असतं. देना बँक १ एप्रिल २०१९ ला बँक ऑफ बडोदात गेली. १ एप्रिल २०२० ला सिंडिकेट कॅनरात, कॉर्पोरेशन आणि आंध्रा युनियन बँकेत, ओरिएंटल पंजाब नॅशनलमध्ये, अलाहाबाद इंडियन बँकेत विलीन झाली. खातं तेच राहिलं तरी आयएफएससी (शाखेचा कोड) बदलला, आणि जुन्या आयएफएससीवर पैसे पाठवले की ते परत फिरतात. सहकारी बँकांचं दुखणं आणखी वेगळं. पुण्यातल्या रुपी बँकेचा परवाना २०२२ मध्ये रद्द झाला. ज्यांच्या फोलिओत अजूनही तेच खातं आहे त्यांनी ते बदलल्याशिवाय काहीच पुढे सरकत नाही.

बदलण्यासाठी ‘बँक तपशील बदल’ असा अर्ज असतो. त्याला नव्या खात्याचा रद्द केलेला चेक जोडा. चेकवर तुमचं नाव छापलेलं हवं. नाव नसलेलं चेकबुक असेल तर बँकेने शिक्का मारून दिलेलं पासबुकाचं पहिलं पान किंवा स्टेटमेंट द्या. जुन्या खात्याचाही पुरावा मागतात, म्हणून बंद झालेल्या बँकेचं पासबुकसुद्धा टाकून देऊ नका. खातं बंद झालं असेल तर ते बंद झाल्याचं बँकेचं पत्र घ्या. बँकच उरली नसेल तर मूळ ओळखपत्र आणि पॅन घेऊन धारकाने स्वतः सेवा केंद्रात जावं आणि अर्ज देण्याआधी तिथे काय चालेल ते विचारून घ्यावं.

नव्या खात्यात कधी कधी एक रुपया जमा होतो. खातं खरंच त्याच नावाचं आहे का ते ताडण्यासाठी कंपनी तो पाठवते.

आणि हे पक्कं लक्षात ठेवा: बँक बदलल्यावर लगेच पैसे काढता येतीलच असं नाही. कुणी चोरून खातं बदलून पैसे पळवू नयेत म्हणून बऱ्याच कंपन्या दहा दिवसांपर्यंत थांबवतात. दवाखान्याची, फीची किंवा घराच्या हप्त्याची तारीख ठरलेली असेल तर हे दहा दिवस आधीच मोजून ठेवा. एका फोलिओत पाचपर्यंत खाती नोंदवता येतात. एक जादा खातं आजच नोंदवून ठेवलं तर ऐन गरजेच्या वेळी हा प्रश्नच येत नाही.

सही

यावर जरा थांबून लिहितो, कारण आमचं सगळ्यात जास्त इथेच अडलं.

सेवा केंद्रातल्या मुलीने संगणकाचा पडदा आमच्याकडे वळवला. २००६ च्या अर्जावरची आईची सही होती ती. निळ्या शाईची, ठसठशीत, आणि सुरुवातीला ‘सौ.’ लिहिलेलं. त्या ‘सौ’च्या दोन्ही मात्रा उजवीकडे लांब ओढून पुढच्या अक्षरावर टेकवलेल्या. आईची खास लकब होती ती. बाबा २०१५ मध्ये गेले. त्यानंतर तिने सही बदलली असं घरात कुणी कुणाला सांगितलं नव्हतं, तिने नुसतं ‘सौ.’ लिहायचं सोडून दिलं होतं. मला स्वतःला तो बदल त्या पडद्यावर पहिल्यांदा दिसला.

मुलगी मदत करायला बघत होती. “काकू, ही बघा, पहिल्यासारखीच करून द्या ना. लगेच जुळेल.”

आई पेन हातात घेऊन पडद्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, “तशी सही आता मी कशी करू?”

तशी करायची गरजही नसते, आणि ते करूही नये. जुनी सही बघून गिरवलेली सही अडखळत उमटते, दुसऱ्यांदा परत येते, आणि मग फोलिओवर संशयाची खूण लागते ती वेगळीच. खरा मार्ग सही बदलल्याची नोंद करण्याचा आहे. त्यासाठी ‘सहीतील बदल’ किंवा ‘बँकेकडून सहीची पडताळणी’ असा अर्ज असतो. त्यावर आजची सही करायची आणि जिथे तुमचं खातं आहे त्या शाखेच्या व्यवस्थापकाने ती बँकेतल्या नोंदीशी ताडून प्रमाणित करायची. त्यावर त्याचं नाव, पद, कर्मचारी क्रमांक, सही, तारीख आणि शाखेचा गोल शिक्का हवा. यांतलं एक राहिलं तरी कागद परत येतो. आमचा एकदा कर्मचारी क्रमांकासाठी परत आला.

यात एक पेच आहे. बँकेने प्रमाणित करायची म्हणजे बँकेतली सही तरी आजची हवी. म्हणून आधी बँकेत सही अद्ययावत करा, मग त्यांच्याकडून फंडाचा कागद प्रमाणित करून घ्या. शाखेत महिन्याच्या पहिल्या आठवड्यात जाऊ नका, पेन्शनची गर्दी असते. दुपारी तीननंतर व्यवस्थापक जरा मोकळे असतात.

हात कापत असेल, पक्षाघाताने सही करता येत नसेल, तर अंगठा चालतो. त्यासाठी साक्षीदार आणि प्रमाणीकरण लागतं. शाखेत किंवा केंद्रात आधी फोन करून नेमकं काय हवं ते विचारा आणि मगच आजारी माणसाला घराबाहेर काढा.

आता अर्ज

इथपर्यंत आलात की उरलेलं काम सोपं आहे. एमएफ सेंट्रल, फंड कंपनीचं ॲप किंवा सेवा केंद्र, यांपैकी कुठूनही युनिट विक्रीचा, म्हणजे पैसे काढायचा, अर्ज देता येतो. फोलिओ नंबर, योजनेचं पूर्ण नाव आणि ‘सगळे युनिट’, ‘इतके युनिट’ किंवा ‘इतकी रक्कम’ यांपैकी एकच लिहा. दोन लिहिलं तर अर्ज अडतो. कर वाचवणारा ईएलएसएस फंड असेल तर प्रत्येक हप्त्याला तीन वर्षं पूर्ण झालेली हवीत. नव्या गुंतवणुकीत एक्झिट लोड (लवकर पैसे काढल्याबद्दल होणारी कपात) लागतो का तेही बघा.

अर्ज कामाच्या दिवशी दुपारी तीनच्या आत गेला तर बहुतेक योजनांत त्याच दिवसाचा भाव मिळतो. इक्विटी (शेअरमध्ये गुंतवणाऱ्या) फंडांचे पैसे साधारण दोन कामाच्या दिवसांत येतात, लिक्विड (अल्पमुदतीच्या रोख्यांत गुंतवणाऱ्या) फंडाचे दुसऱ्या कामाच्या दिवशी. सेबीच्या नियमाप्रमाणे कंपनीला जास्तीत जास्त तीन कामाचे दिवस आहेत. त्याहून उशीर झाला तर वर्षाला १५ टक्के दराने व्याज द्यावं लागतं. हे व्याज आपला हक्क आहे, मागायला संकोच करू नका.

काही वेगळ्या वाटा

मुलाच्या नावावर अज्ञान असताना घेतलेला फोलिओ तो अठराचा झाला की गोठतो. त्याचं स्वतःचं पॅन, केवायसी, बँक खातं आणि बँकेने प्रमाणित केलेली त्याची सही दिली की तो सुटतो. फीसाठी ते पैसे हवे असतील तर वाढदिवसाच्या चार महिने आधी पॅनचा अर्ज द्या. मूल अज्ञान असताना पैसे काढले तर ते त्याच्याच नावाच्या खात्यात येतात.

धारक वारला असेल तर हा सगळा मार्ग लागू नाही. मृत्यूच्या दाखल्यासह नॉमिनी, संयुक्त धारक किंवा वारसाने युनिट आधी आपल्या नावावर करून घ्यायचे असतात. गेलेल्या माणसाच्या मोबाइलवर ओटीपी घेऊन पैसे काढायची वाट कुणी सुचवली तर ऐकू नका. ते कायद्याने चूक आहे आणि पुढे वारसांत भांडण लावतं.

मुलं परदेशी गेली असतील तर त्यांनी केवायसीत स्वतःची नोंद अनिवासी अशी बदलून घ्यायला हवी आणि फोलिओला एनआरओ (अनिवासी भारतीयांसाठीचं रुपयांतलं) खातं जोडायला हवं. नाहीतर न्यू जर्सीत किंवा दुबईत बसून अर्ज देताना सगळंच एकदम अडतं. परदेशातल्या पत्त्याचे कागद तिथल्या भारतीय दूतावासाकडून, नोटरीकडून किंवा भारतीय बँकेच्या तिथल्या शाखेतून प्रमाणित करून घेता येतात. अनिवासींच्या नफ्यावर कंपनी आधीच कर कापून घेते, म्हणून रक्कम कमी आलेली दिसेल.

पैसे काढण्यासाठी पैसे मागणारे

खऱ्या म्युच्युअल फंडात आपले पैसे काढायला ‘पडताळणी शुल्क’, ‘खातं मोकळं करायचं शुल्क’ किंवा ‘आधी कर भरा’ असं काहीही नसतं. व्हॉट्सॲप ग्रुपवरून शेअर ॲप उतरवायला लावून, त्यात मोठा नफा दाखवून, काढायला गेलं की ‘ओळख पटवण्यासाठी’ रक्कम मागणारे ठग सध्या फार माजले आहेत. तिथे आणखी एक रुपयाही घालू नका. लगेच १९३० वर फोन करून सायबर तक्रार द्या. जितक्या लवकर फोन जाईल तितकी रक्कम मधेच गोठवली जाण्याची आशा जास्त. ओटीपी, ॲपचा पिन आणि स्क्रीन शेअर यांतलं काहीही ‘केवायसीसाठी’ म्हणून फोनवर कुणाला देऊ नका.

सगळं जुळूनही पैसे अडले तर

पहिली तक्रार फंड कंपनीच्या तक्रार विभागाकडे, ईमेलने. पोचपावतीचा फोटो आणि नाकारल्याचं पत्र जोडा. तोंडी कारण मान्य करू नका, लेखी मागा. उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर सेबीच्या ‘स्कोअर्स’ पोर्टलवर तक्रार नोंदवा. कंपनीला तिथे २१ दिवसांत उत्तर द्यावं लागतं. तरीही सुटलं नाही तर ‘स्मार्ट ओडीआर’ या ऑनलाइन सलोखा व्यवस्थेकडे जाता येतं. सेबीची मोफत हेल्पलाइन १८०० २६६ ७५७५ आहे, तिथे मराठीतही बोलता येतं.

आईचे पैसे आले त्या दिवशी तिच्या साध्या फोनवर बँकेचा निरोप आला आणि तिने तो मला वाचून दाखवला. मग तिने शाळेची एक दोनशेपानी वही काढली. पहिल्या पानावर उरलेल्या फोलिओचा नंबर, केआरएवरची अवस्था आणि ती बघितल्याची तारीख, दोन्ही बँक खाती आणि नॉमिनीचं नाव असं सगळं लिहून घेतलं. नमुना सहीसाठी खाली जागा सोडली होती. तिथे तिने आजची सही केली आणि वही कपाटात दागिन्यांच्या डब्याशेजारी ठेवली. दर दिवाळीला ते पान आम्ही दोघं मिळून तपासतो.